पब्लिक ट्रस्ट पाहणी

श्रीधरपंत हर्डीकरांचा स्वतःवर एकाच बाबतीत गाढ विश्वास होता, आणि ती बाब म्हणजे पाटी लिहिणं. बाकी बाबतीत विश्वास बसावा असं काही घडलेलं नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत लोकांची मतं मोजण्यात घालवली, आणि आता निवृत्ती दारात येऊन उभी राहिली तरी ऐकणाऱ्याने हातातला चहा खाली ठेवावा असा एकही निष्कर्ष त्यांच्या नावावर नव्हता. त्यांचे निष्कर्ष साधारण असे असत : 'काही प्रमाणात होय, परंतु अधिक अभ्यासाची गरज आहे.' ह्याच एका वाक्याच्या जोरावर त्यांनी कोथरूडला फ्लॅट घेतला, मुलीचं लग्न केलं आणि चारचौघांत विद्वान म्हणून नाव मिळवलं, हेही खरं.

पाट्यांचं मात्र वेगळं होतं. सोसायटीच्या जिन्यातल्या दिव्याखालची 'जाताना मालवावा. येणाऱ्याला हात आहेत' ही पाटी त्यांची. दुसऱ्यांच्या पाट्यांकडेही त्यांचं लक्ष असे. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांच्या एका दुकानावर 'दुरूस्ती' लिहिलेलं पाहून ते आत शिरले आणि 'रु' ऱ्हस्व असतो हे त्यांनी मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. आता घ्यायचंय काय ते बोला." पंतांना नको असलेली वायर घेऊन घरी यावं लागलं. ती वायर अजून माळ्यावर आहे.

तर अशा माणसाकडे दिल्लीच्या एका संस्थेचं काम आलं. राज्यातल्या कोर्टांवर लोकांचा कितपत विश्वास आहे, हे पुणे आणि आसपास हिंडून विचारायचं. कामाचं इंग्रजी नाव 'पब्लिक ट्रस्ट इन स्टेट कोर्ट्स'. संस्थेची जीप मिळाली आणि तिच्या दारावर पाटी रंगवायचं ठरलं. पंतांनी आधी 'न्यायालयांवरील लोकविश्वासाचे सर्वेक्षण' असं लिहून दिलं. पेंटर म्हणाला, साहेब, एवढं लिहायचं तर दुसरी जीप लागेल. पंतांना आव्हानच मिळालं. 'न्यायालय' त्यांनी काढून टाकलं, कारण कोर्टाचं नाव गाडीवर बघितलं की माणूस दार लावून घेतो. 'सर्वेक्षण' फार बोजड, त्याला साधा मराठी शब्द 'पाहणी'. आणि दिल्लीवाल्यांचा मान राखायचा म्हणून त्यांचे दोन शब्द तसेच. झाली पाटी : 'पब्लिक ट्रस्ट पाहणी, पुणे'. पांढऱ्यावर लाल अक्षरं. पंत चार पावलं मागे सरकून तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

संस्थेत आकडेमोड बघणाऱ्या मंदाकिनी लिमये खिडकीतून म्हणाल्या, "हर्डीकर, चांगली आहे. पण हिचा अर्थ काय?"

"अर्थ स्पष्ट आहे," पंत म्हणाले.

शहरातली पाहणी शहराला शोभेशीच झाली. कोथरूडमध्ये लोक दाराची साखळी न काढता फटीतून उत्तरं देत. "कोर्टावर विश्वास? आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा." एका निवृत्त शिक्षकांनी "कितपत विश्वास आहे" ह्या प्रश्नातल्या 'कितपत'वरच आक्षेप घेतला. पेठांत एका गृहस्थांनी विचारलं, "आमचा विश्वास असला नसला तर कोर्टाला फरक पडतो का? मग तुम्हाला का पडतो?" आकडे नेहमीसारखेच आले, काही प्रमाणात होय. पंतांना आपलं जुनं वाक्य पुन्हा दिसू लागलं, आणि ह्या खेपेला ते पाहून त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

मग एका सकाळी जीप कात्रजच्या पुढे डोंगराच्या पोटात असलेल्या वाघजाईवाडीला गेली. वाडी नुकतीच महापालिकेच्या हद्दीत आली होती. म्हणजे हद्द आली होती, पाणी यायचं होतं. वाघजाईच्या देवळापुढे जीप थांबली. पारावर बसलेल्यांनी दारावरची पाटी वाचली आणि पाठोपाठ धावपळ उडाली. वरच्या आळीतून खुर्च्या आल्या, त्या बघून खालच्या आळीतून खुर्च्या आल्या. दोन्हीकडून चहा आला. कुणाचा आधी घ्यावा हे न कळून पंतांनी दोन्ही कपांतून एकेक घोट घेतला, आणि ही गोष्ट गावाने फार वाखाणली.

वरच्या आळीचे पुढारी हिंदुराव, त्यांचे मातीचे टिपर चालत. खालच्या आळीचे जयसिंग, त्यांचं दूध डेअरीला जाई आणि रस्त्याकडेला भाड्याने दिलेले गाळे होते. ह्या दोन आळ्यांचा चौदा वर्षं कोर्टात दावा चालू होता. देवीच्या यात्रेत पालखीचा पुढचा खांदा कुणाचा, एवढाच वाद. दोघेही देवळाचे विश्वस्त असल्याचं सांगत, आणि निकाल लागेपर्यंत पालखी हलवायची नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम होता. चौदा वर्षं पालखी देवळाच्या खोलीत कुलपात बसून होती.

पंतांनी पहिला प्रश्न विचारला. "कोर्टावर तुमचा विश्वास किती? पूर्ण, बराच, थोडा, की मुळीच नाही?"

"पूर्ण," हिंदुराव खुर्चीत ताठ होत म्हणाले.

"पूर्णाच्या वर काय हाय का?" जयसिंगांनी विचारलं.

"नाही. पूर्ण हेच शेवटचं."

"मंग पूर्ण. पन ह्यांच्यापरीस जास्त, असं लिवा."

"हिशोब बी तयार हायेत साहेब," हिंदुराव म्हणाले. "पावती पुस्तकं आनू का?"

"हिशोब नकोत, मत हवंय," पंत म्हणाले. दोन्ही आळ्यांनी एकमेकींकडे अर्थपूर्ण बघितलं. हिशोब न मागणारा साहेब फार वरचा असणार, असं त्यांना वाटलं. पंतांना वाटलं, काय ही पारदर्शकता!

शेवटचा प्रश्न होता, वाद आपसात मिटवणं मान्य असेल का. मग जयसिंग सावकाश म्हणाले, "साहेबच इचारत्यात म्हनल्यावर, हो." ते हो म्हणाले म्हणून हिंदुरावांनाही म्हणावं लागलं. मग वाडीत घरोघर तेच उत्तर मिळालं. पूर्ण. पूर्ण. हो. पूर्ण. कुठे साखळी नाही, कुठे 'कितपत' नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना पद्धतशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इथे थांबून विचार करायला हवा होता की एवढं गोड कसं लागतंय. पण पंत तेव्हा खाण्यात दंग होते.

जीप निघता निघता एक म्हातारी पुढे आली. मथुराबाई तिचं नाव. माहेर खालची आळी, सासर वरची. जयसिंगांची ती आत्या, हिंदुरावांची चुलती.

"साहेब, पालखी कवा निघायची?"

"का हो आजी?"

"यात्रेला पालखी खालच्या आळीला जायची, तिच्यासंगं मी जायची माहेरला. वैनी ओटी भरायची. पालखी ऱ्हायली तवापासनं मी बी ऱ्हायले." तिने हात केला. उतारावर लिंबाच्या झाडामागे एक कौलारू घर दिसत होतं, हाक मारली तर ऐकू जावी इतकं जवळ. "तिथं ऱ्हातो माजा भाऊ. दिसतो रोज. पालखीबिगर जायाचं तर आदी खालच्यांनी बोलवाय पायजेल, आन वरच्यांनी धाडाय पायजेल."

तीस वर्षांच्या सवयीने पंतांच्या तोंडातून बाहेर पडलं, "आम्ही नोंद घेतली आहे." खरं तर त्यांनी काहीही लिहून घेतलं नव्हतं. म्हातारीने मात्र दोन्ही हात जोडले.

वाडीचा आकडा आला सत्त्याण्णव टक्के. पंतांनी तो तीनदा तपासला. ग्रामीण समाजाच्या मनात न्यायसंस्थेची मुळं किती खोल गेली आहेत, ह्यावर त्यांनी एका बैठकीत वीस पानं लिहिली. दिल्लीच्या परिसंवादात वाचायचं भाषणही मनात तयार झालं, त्यात लोक चहा खाली ठेवत होते.

"सत्त्याण्णव?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "हर्डीकर, आज वार कोणता असं विचारलं तरी सत्त्याण्णव टक्के लोकांचं एकमत होत नाही."

"तुमचा लोकांवर विश्वासच नाही," पंत म्हणाले.

"लोकांवर आहे. आकड्यावर नाही."

काही आठवड्यांनी संस्थेत फोन वाजला. पलीकडून जयसिंग ओरडून बोलत होते, फोनवर त्यांचा भरवसा नसावा. साहेबांची पाहणी झाली आणि दोन्ही बाजू नरमल्या. दोन्ही वकिलांनी मिळून अर्ज दिला, यात्रेच्या दिवसापुरती कोर्टाने परवानगी दिली. चौदा वर्षांनी पालखी निघणार, साहेबांनी आलंच पाहिजे, आणि येताना तीच गाडी आणावी. पंतांचा ऊर भरून आला. नुसतं विचारल्याने समाज बदलतो, हे आजवर कुणी सिद्ध केलं होतं? त्यांनी वीस पानांत आणखी आठ पानं घातली. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "मीही येते. हा विश्वास मला डोळ्यांनी बघायचाय."

यात्रेला दोघे पोचले तेव्हा हलगी घुमत होती, दिवे लागत होते, आणि देवळाच्या दारात रंग भरला होता तो भांडणाचा. पालखी बाहेर काढून ठेवलेली, आणि तिच्या दोन बाजूंना दोन आळ्या. वकिलांनी अर्जात लिहिलं होतं, 'पालखी परंपरेप्रमाणे निघेल.' दोन्ही बाजूंनी ते आनंदाने मान्य केलं होतं, कारण परंपरा आपलीच हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढचा खांदा कुणाचा, हा प्रश्न चौदा वर्षांपूर्वी होता तिथेच, त्याच दांडीपाशी उभा होता.

जीप दिसताच गर्दी दुभंगली. "ट्रस्टचं साहेब आलं! आता साहेबच काय ते सांगतील!" पंतांच्या डोक्याला फेटा बांधला गेला. फेटा मोठा होता, त्यामुळे डावा कान आत गेला.

"मी? मी काय सांगणार?" पंत गांगरून मंदाकिनीबाईंना म्हणाले. "आणि हे ट्रस्टचे साहेब कोण?"

मंदाकिनीबाई जीपच्या दाराकडे बघत होत्या. "हर्डीकर, तुमची पाटी वाचा. पुण्यातल्या माणसासारखी नको, ह्यांच्यासारखी वाचा."

पंतांनी वाचली. पब्लिक ट्रस्ट पाहणी. पब्लिक ट्रस्ट, म्हणजे नोंदलेलं देवस्थान. पाहणी, म्हणजे तपासणी. देवस्थानाच्या ट्रस्टची तपासणी करायला पुण्याहून आलेला सरकारी साहेब, लाल अक्षरांत, पंतांच्याच शब्दांत! आणलेल्या खुर्च्या, दोन कप चहा, पावती पुस्तकं, पूर्णाच्या वर काय आहे, सगळं एकदम ध्यानात आलं. तपासणीला आलेल्या साहेबासमोर कोण म्हणेल की कोर्टावर विश्वास नाही? सत्त्याण्णव टक्के विश्वास नव्हताच, ती सत्त्याण्णव टक्के धास्ती होती. आणि उरलेले तीन टक्के बहुधा वाचता न येणारे असावेत.

"वरची आळी का खालची, एवडं बोला साहेब," हिंदुराव म्हणाले. "तुमचा शबुद मोडायचा न्हाई कुनी."

एक शब्द बोलून भागलं असतं. यंदा तुम्ही, पुढल्या वर्षी ते, असं जरा जाड आवाजात म्हटलं असतं तर पालखी निघाली असती, आणि सत्त्याण्णवही शाबूत राहिले असते. पंतांनी घसा खाकरलासुद्धा. तेवढ्यात दांडीपाशी उभ्या असलेल्या मथुराबाई दिसल्या. हिरवं लुगडं, हातात खण-नारळ. भावाच्या घरी जायला त्या सकाळपासून तयार असणार.

"साहेब, तुमी नोंद घेतली व्हती न्हवं?" त्या म्हणाल्या.

पंतांना फार लाज वाटली. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. खोट्या साहेबाच्या शब्दावर ही म्हातारी माहेरी जाईल, आणि उद्या साहेब खोटा निघाला की दोन्ही आळ्या पुन्हा कोर्टात जातील आणि त्या लिंबामागच्या घराचं दार कायमचं बंद होईल. खरं सांगितलं तर कदाचित आजच होईल. दोन्हीकडे भीतीच होती. पंत फेटा सारून मोठ्याने म्हणाले, "मी साहेब नाही. मी ट्रस्टच्या तपासणीला आलेलो नाही. पाटी माझी आहे आणि ती चुकलेली आहे. मी फक्त लोकांना प्रश्न विचारत हिंडतो."

हलगी थांबली.

"म्हंजे तुमी सरकारचं न्हाई?" जयसिंगांनी विचारलं.

"नाही."

"तुमच्या हातात काय हाय मंग?"

"काहीही नाही."

"वरच्या आळीत कोन तुमचं पावनं?" हिंदुराव डोळे बारीक करून म्हणाले.

"कुणी नाही. खालच्याही नाही. तुम्ही काय म्हणता ते ऐकून मी लिहून घेतो, एवढंच माझं काम. त्याचा आजवर कुणाला उपयोग झालेला नाही." हे शेवटचं वाक्य त्यांच्या मनात नव्हतं, पण आता सगळं निघतच होतं.

पंतांना वाटलं, आता फेटा काढून घेतील. हिंदुराव जयसिंगांकडे सरकले. चौदा वर्षांत ते प्रथमच एकमेकांच्या कानाशी लागलेले गावाने पाहिले. मग हिंदुराव पंतांसमोर येऊन म्हणाले, "वरचं न्हाई, खालचं न्हाई, सरकारचं न्हाई, आन हातात काय न्हाई. आसा मानूस आमाला चौदा वर्सं गावला न्हवता. पुडचा खांदा तुमीच द्या."

"अहो, माझा उजवा खांदा धरलाय!" पंत ओरडले.

"डावा द्या."

खांदा देण्याचा पंतांना अनुभव होता, पण तो वैकुंठाच्या वाटेवरचा. चपला काढल्या गेल्या, दांडी डाव्या खांद्यावर टेकली, आणि "वाघजाईच्या नावानं चांगभलं!" झालं. सगळ्यात पुढे पंत, त्यांच्यामागे एका बाजूला हिंदुराव, दुसऱ्या बाजूला जयसिंग. म्हणजे वजन सगळं त्या दोघांवर होतं आणि मान पंतांचा होता. नोकरीतही त्यांचं असंच चाललं होतं, त्यामुळे तोल जमला.

मंदाकिनीबाई शेजारून चालत होत्या. पंत धापा टाकत म्हणाले, "लिमये, हे गाव काढून टाका. आकडे बाद. अठ्ठावीस पानंही बाद."

"काढलं," त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "चांगलं केलंत." त्यांच्या तोंडून हे शब्द पंतांनी प्रथमच ऐकले. त्यांना खांदा हलका वाटू लागला, आपण फार प्रामाणिक आहोत असंही वाटू लागलं. मंदाकिनीबाई मथुराबाईंचा हात धरून पुढे निघून गेल्या.

उतार लागला. आपल्या प्रामाणिकपणाच्या भरात पंत मागे न बघता म्हणाले, "आता केस काढून घेणार ना?"

"कशापायी?" जयसिंग म्हणाले. "केस चालूच ठिवायची."

"आता तर मिटलं की!"

"आजच्यापुरतं मिटलं. भांडान हाय त्ये हायेच की. घरात ठिवलं आसतं तर डोकी फुटली आसती. कोर्टात हाय म्हनून शाबूत हाय."

"चौदा वर्सं झाली, एक कोयता निगाला न्हाई," हिंदुराव दुसऱ्या बाजूने म्हणाले. "मानूस म्हनतो, थांब, कोर्टात बगू. तारकेला दोगं एकाच यष्टीनं जातो. आज ना उद्या निकाल लागंल."

पंतांचं पाऊल अडखळलं. "मग त्या दिवशी तुम्ही कोर्टावर पूर्ण विश्वास म्हणालात, ते मला साहेब समजून नाही?"

"खुर्ची साहेब म्हनून दिली," जयसिंग जरा दुखावून म्हणाले. "जबाब खराच दिला. खोटं कशाला बोलू?"

"लिमये!" पंत ओरडले. "लिमये, थांबा! काढू नका!" पण हलगी कानाशी वाजत होती, एक कान फेट्यात होता, आणि मंदाकिनीबाई लिंबापाशी पोचल्या होत्या. खिशात पेन होतं. पंतांचे दोन्ही हात दांडीला होते आणि पालखी मधेच सोडता येत नाही.

पालखी कौलारू घरापुढे थांबली. दारात मथुराबाईंचा म्हातारा भाऊ काठी टेकून उभा होता. त्याची बायको ओटीचं ताट घेऊन पुढे आली. मथुराबाईंनी घरातून तांब्या घेतला, रिवाजाप्रमाणे पुढच्या खांदेकऱ्याच्या पायावर पाणी घातलं आणि पंतांकडे मान वर करून पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"साहेब न्हवं तर नसू द्या. पन आता नोंद घ्या. मी माहेरला आले."

पंतांचे हात अजून दांडीलाच होते.

"घेतली," ते म्हणाले.